धुळ्यात चालणारं लोखंड

ज्योत्स्ना तायडे यांचं लोखंड धुळ्यात चालायचं आणि जळगावात चालायचं नाही. हे कळायला त्यांना तीन वर्षं लागली. तोवर त्या लोखंडावर एक शोधनिबंध छापून आला होता, एकतीस जणांनी त्याचा हवाला दिला होता आणि कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागला होता.

फ्लेक्सवर ज्योत्स्नाबाईंचा फोटो होता. डाव्या कोपऱ्यात प्राचार्य, उजव्या कोपऱ्यात संस्थेचे अध्यक्ष, आणि दोघांच्या मधोमध पासपोर्टाच्या आकाराच्या ज्योत्स्नाबाई. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं : ‘लोखंडाची तांब्यावर मात!’ ज्योत्स्नाबाई रोज त्याच्याखालून स्कूटर आत घालत आणि वर बघत नसत. लाज वाटायची म्हणून नव्हे. वर बघितलं की खालचा स्पीडब्रेकर चुकायचा.

त्या दीपनगरच्या कॉलनीत वाढल्या. वडील, झिपरू तायडे, वीजकेंद्रात कोळशाच्या वाघिणी रिकाम्या करण्याच्या खात्यात होते. सकाळी आईनं अंगणात वाळत घातलेलं पांढरं पातळ संध्याकाळी करडं होऊन घरात यायचं आणि आई म्हणायची, नवीन रंगाचं पातळ मिळालं, पैसे पडले नाहीत. एका वस्तूची दुसरी वस्तू कशी होते याचं कुतूहल ज्योत्स्नाबाईंना तिथे लागलं असावं. कुणी विचारलं की त्या मात्र म्हणत, बीएस्सीला फिजिक्सच्या जागा भरल्या होत्या.

पुढे जळगावला पीएच.डी. झाली, धुळ्याच्या कॉलेजात नोकरी लागली आणि बावीस वर्षं त्या धातूंचे कॉम्प्लेक्स बनवत राहिल्या. पहिल्या वर्षाच्या पोरांना त्या सांगत, ‘मधे धातू बसतो आणि भोवती रेणू फेर धरतात. भुलाबाईला मधे पाटावर बसवून पोरी भोवती गाणी म्हणतात, तसं समजा. पोरी बदलल्या की गाणं बदलतं. आमचं सगळं काम पोरी बदलून बघण्याचं.’ उत्प्रेरकाचंही त्यांचं असंच होतं. ‘उत्प्रेरक म्हणजे लग्न जुळवणारा मामा. दोन घरं एकमेकांना दाखवतो, सोयरीक पक्की करतो, पंगतीत जेवतो आणि पुढच्या लग्नाला निघतो. स्वतः होता तसाच.’

बावीस वर्षांत निकेल झालं, कोबाल्ट झालं, जस्त झालं. एकोणीस निबंध छापून आले. ते तिघांनी वाचले होते आणि त्यातले दोघे परीक्षक होते.

मग लोखंड आलं.

एक सोयरीक अशी आहे की ती जगभर तांबंच जुळवतं. एका घरचं नाव अॅझाइड, दुसऱ्याचं अल्काइन. औषधं बनवणाऱ्यांना ही जोडी फार लागते, पण मागे राहिलेलं तांबं औषधातून वेचून काढताना त्यांच्या नाकी नऊ येतात. तेच काम लोखंडानं केलं तर सगळ्यांना हवं होतं, कारण लोखंड थोडं मागे राहिलं तरी माणसाला बाधत नाही. अडचण एवढीच, की लोखंड हे लग्न जुळवत नसे. ते ज्योत्स्नाबाईंच्या प्रयोगशाळेत जुळवायला लागलं, साध्या पाण्यात, सहा तासांत, शंभरात शहाण्णव.

हे काम त्यांची विद्यार्थिनी कहकशा करत होती. ती धुळ्याच्या मोगलाई मोहल्ल्यातल्या गफूरभाई कल्हईवाल्यांची थोरली. सहा वर्षं ती पीएच.डी. करत होती, त्यातली शेवटची तीन लोखंडाच्या मागे, आणि तिच्या प्रबंधाची सहापैकी चार प्रकरणं लोखंडावर उभी होती. महिनाअखेर प्रबंध विद्यापीठात द्यायचा होता.

अशात बंगळुरूहून ईमेल आली. एका मोठ्या संस्थेतल्या बाईंनी अतिशय नम्रपणे लिहिलं होतं, की आपला निबंध वाचून आनंद झाला, आम्ही तो प्रयोग चौदा वेळा केला, दहा-अकरा टक्क्यांच्या पुढे गेलो नाही. काही बारकावे छापायचे राहिले असतील तर कळवावेत.

ज्योत्स्नाबाईंनी ईमेल दोनदा वाचली. ‘चौदा’ हा आकडा त्यांना टोचला. माणूस वाईट हेतूनं फार तर तीनदा करून बघतो. चौदा वेळा करतो तो विश्वास ठेवून.

‘पुन्हा लाव,’ त्या कहकशाला म्हणाल्या.

कहकशानं लावला. पंचाण्णव आले.

‘एक कमी आला,’ कहकशा म्हणाली. ‘बंगळुरूला कळवू?’

‘आपल्याकडे येणारच गं. दुसऱ्याकडे आला पाहिजे.’

दुसरीकडे म्हणजे जळगाव. तिथे योगेंद्र चौधरी होते, ज्योत्स्नाबाईंचे पीएच.डी.चे सोबती. एकाच टेबलावर दोघांनी पाच वर्षं काढली होती आणि एकमेकांच्या फ्लास्कांवर नावं चिकटवून भांडणं केली होती. आता त्यांच्याकडे चांगली यंत्रं होती आणि पोट सुटलं होतं.

ज्योत्स्नाबाई डब्यात लोखंडाचा कॉम्प्लेक्स घेऊन निघाल्या. नारिंगी भुकटी, बारीक दळलेल्या चटणीसारखी. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, बसमधल्या शेजारच्या बाईनं विचारलं, ‘मसाला शे का?’ ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, ‘हो.’

जळगावात दहा टक्के आले. दुसऱ्या दिवशी अकरा.

‘तुझं लोखंड पारोळ्याला उतरलं असेल,’ योगेंद्र म्हणाले. ‘गाडी थांबते तिथे दहा मिनिटं.’

‘थट्टा करू नकोस.’

‘थट्टा नाही. तुझ्या फ्लेक्सचा फोटो माझ्या मेहुण्यानं पाठवला होता. म्हटलं, चला, आपल्या टेबलावरचं कुणीतरी मोठं झालं. आता हे आकडे बघून तुझ्याइतकंच मलाही दुखतंय.’

ज्योत्स्नाबाई परत आल्या. धुळ्यात त्याच डब्यातल्या त्याच भुकटीनं शहाण्णव दिले.

प्रयोगशाळेत तोताराम होते. तोताराम अहिरे, परिचर, साठीला दोन वर्षं कमी. काचसामान धुणं, गॅस बघणं आणि पाणी गाळणं ही त्यांची कामं. पाण्याचं काम मोठं होतं. नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं. त्या दिवशी तोताराम पहाटे कॉलेजात हजर व्हायचे, पाणी उकळून वाफेचं पाणी करायचं यंत्र दिवसभर चालवायचे आणि आठ दिवसांचं शुद्ध पाणी साठवून ठेवायचे. रोज सकाळी टेबलावरच्या बाटल्या भरलेल्या असत. बावीस वर्षांत एकदाही रिकामी बाटली ज्योत्स्नाबाईंच्या हाताला लागली नव्हती. भरलेली बाटली कोण कुठून भरतं, हे भरलेल्या बाटलीला कुणी विचारत नाही.

‘जयगावले जमनं नही म्हनतस,’ तोताराम बाटल्या पुसता पुसता म्हणाले.

‘नाही जमलं.’

‘जयगावनं पानी जड शे, मॅडम. मन्ही बहीन दिधी ना तठे, दोन वरीस तिले डाळ शिजाले वेळ लागे. पानी बदलनं का मानूस बी बदलस, लोखंडनं काय.’

‘तोताराम, शुद्ध केलेल्या पाण्याला गाव नसतं. धुळ्याचं काय, जळगावचं काय, ते सारखंच.’

‘व्हई तसं,’ तोताराम म्हणाले. वरिष्ठांशी वाद घालायची त्यांची पद्धत हीच होती. ते मान्य करत आणि मनातलं मनात ठेवत.

ज्योत्स्नाबाईंनी ठरवलं, एकेक वस्तू धुळ्याची वापरायची. आज रसायनं धुळ्याची, उद्या फ्लास्क धुळ्याचा, परवा ढवळायचा चुंबकाचा मणीदेखील धुळ्याचा. कुठल्या वस्तूशी लोखंड बोलायला लागतं ते बघायचं. पाच दिवसांची रजा टाकून त्या निघाल्या. बसस्टँडवर तोताराम आले होते. हातात पाण्याच्या दोन मोठ्या काचेच्या बाटल्या, जुन्या टॉवेलात गुंडाळलेल्या.

‘पाणी जळगावला मिळतं, तोताराम.’

‘ऱ्हाऊ द्या मॅडम. घरनं पानी ते घरनं पानी.’

त्यांनी बाटल्या सीटखाली ठेवल्या आणि पायानं घट्ट लावून दिल्या. सोमवारी रसायनं बदलली, अकरा टक्के. मंगळवारी फ्लास्क बदलला, दहा. बुधवारी मणी. योगेंद्रांनी मणी हातात घेऊन कानाला लावला आणि म्हणाले, ‘काही म्हणत नाही बुवा.’ अकरा.

गुरुवारी ज्योत्स्नाबाईंकडे बदलायला फक्त पाणी उरलं होतं. टॉवेल सोडताना त्यांना हसू आलं. तोतारामांना सांगायचं, की पाहा, पाणीसुद्धा करून बघितलं.

दुपारी तीनला त्यांनी काचेच्या पट्टीवर थेंब टेकवून ती जांभळ्या दिव्याखाली धरली. जुना ठिपका, म्हणजे न जुळलेल्या घरांचा, जवळजवळ गेला होता. नवीन ठिपका उजळ, गोल, पुनवेच्या चंद्राइतका निर्लज्ज. यंत्रानं आकडा दिला : पंचाण्णव.

योगेंद्रांनी पट्टी पुन्हा दिव्याखाली धरून बघितली.

‘आता लोखंड न घालता लाव,’ ते म्हणाले.

ज्योत्स्नाबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. हा प्रयोग प्रत्येक जण करतो. धातू सोडून बाकी सगळं घालायचं आणि काही होत नाही हे बघायचं. काही झालं नाही तर श्रेय धातूचं. त्याला रिकामा प्रयोग म्हणतात. त्यांनी तो केला होता. तीन वर्षांपूर्वी, लोखंडाचं काम सुरू झालं त्या आठवड्यात, स्वतःच्या हातानं. वहीत होता. तारीख होती, सही होती.

‘नको लावूस हवं तर,’ योगेंद्र म्हणाले. ‘साडेतीनची शिवशाही आहे. मी पट्टी फेकून देतो. बंगळुरूला लिही की तुमच्याकडे हवा दमट आहे.’

हे त्यांनी थट्टेत म्हटलं नव्हतं. ज्योत्स्नाबाईंना ते कळलं. पाच वर्षं एका टेबलावर काढलेल्या माणसाची थट्टा कुठे संपते हे कळतं. क्षणभर त्यांना साडेतीनची शिवशाही दिसली, खिडकीजवळची सीट दिसली, एरंडोलच्या अलीकडे रस्त्याला लागून असलेल्या केळीच्या बागा दिसल्या. बावीस वर्षांत जगानं एकदाच त्यांच्याकडे मान वळवून बघितलं होतं. आता तोंड फिरवून बसमध्ये बसलं तर जग त्यांच्याकडेच बघत राहणार होतं.

‘फ्लास्क दे,’ त्या म्हणाल्या. ‘धुतलेला.’

फ्लास्कात दोन्ही घरची माणसं गेली, धुळ्याचं पाणी गेलं, लोखंड गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रानं आकडा दिला.

पंचाण्णव.

‘बरं,’ ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. त्यांनी तो वहीत लिहिला, खाली तारीख घातली, सही केली. मग योगेंद्रांनी कँटीनमधून चहा मागवला आणि दोघांनी तो प्यायला. कप खाली ठेवताना योगेंद्र म्हणाले, ‘मामा दुसराच होता म्हणायचा.’

‘हो. आणि जेवायलाही बसला नाही.’

पाणी त्यांनी तिथल्याच यंत्रात तपासायला दिलं. दुपारी कागद आला. पाण्यात तांबं होतं. दहा लाख भागांत चार भाग. माणसाला ते दिसत नाही, चवीला जेमतेम लागतं. त्या सोयरिकीला मात्र ते रग्गड झालं.

परतीच्या बसमध्ये त्यांनी जुनी वही उघडली. कहकशानं प्रत्येक आकडा नीट लिहिला होता. पहिले चार महिने दहा, बारा, नऊ, अकरा. मग दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या बुधवारी एकदम एकाहत्तर. बाजूला कहकशाच्या बारीक अक्षरात : ‘कॉम्प्लेक्स नव्या पद्धतीनं शुद्ध केला. फरक पडला!’ पुढे आकडे चढत गेले. आणखी एक गोष्ट होती, जी दोघींनाही ठाऊक होती आणि दोघींनी तिला एक नाव देऊन टाकलं होतं. आठवड्याच्या सुरुवातीला आकडा थोडा कमी असे, शेवटाकडे चढे. निबंधात त्यावर एक परिच्छेद होता : ‘उत्प्रेरकाचं मुरणं’. लोणचं मुरतं तसं. परीक्षकांना तो परिच्छेद विशेष आवडला होता.

रिकामा प्रयोग दिवाळीच्या आधीचा होता. त्यात खोटं काही नव्हतं. त्यानंतर पाणी बदललं होतं आणि त्यांनी तो पुन्हा केला नव्हता, इतकंच.

शनिवारी सकाळी त्या तोतारामांना म्हणाल्या, ‘पाणी कुठे साठवता ते दाखवा.’

तोताराम त्यांना मागच्या कोठीत घेऊन गेले. बावीस वर्षांत ज्योत्स्नाबाई त्या कोठीत चारदा गेल्या असतील. सिलिंडरच्या पलीकडे लाकडी तिवईवर, धुतलेल्या पांढऱ्या फडक्याखाली, तांब्याचा हंडा होता. फडकं काढल्यावर कोठीत उजेड पडल्यासारखं झालं.

‘हाऊ मन्ही बायकोना हांडा शे,’ तोताराम म्हणाले. गळ्याजवळ टोच्यानं नाव कोरलेलं होतं : ‘पार्वताबाई, मामाकडून, १९८९’. ‘ती गई, तवपास्नं घरमा कोनी वापरे नही. सून म्हने, फिल्टर शे.’

‘इथे कधी आणला?’

‘आपला प्लास्टिकना कॅन फुटना ना, दिवाईमा. तीनदा अर्ज दिधा आपण. कॅन काही उना नही. आते तुम्ही सांगा मॅडम, थेंब थेंब करीसन पानी गोया करस मी. इतलं चोखं पानी. ते फुटेल डबामा कसं ठेवू?’ त्यांनी हंड्याच्या काठावरून बोट फिरवलं. ‘तांबानं पानी चांगलं रास. दर आठ दिवसनी चिंच लाईसन घासस, मंग भरस. ती बी तसंच करे. घासता घासता गाना म्हने.’

‘कोणतं?’

तोताराम संकोचले. मग हंड्याकडे बघत, सूर न लावता, हजेरी घ्यावी तसं म्हणाले :

‘माहेरना हांडा मन्हा, चिंच लाई उजयस,
पानी पेस सासरनं, माय मनमा दिखस.’

दारात कहकशा उभी होती. ती हळूच पुढे आली, पेल्यात थोडं पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि पेला खाली ठेवला.

‘कळकलंय,’ ती म्हणाली.

ज्योत्स्नाबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

‘मॅडम, आमच्या घरी हे लहान पोराला पण कळतं. कल्हई नसलेल्या तांब्याला आंबट लावलं की ते गप्प बसत नाही, उतरतं. अब्बा गिऱ्हाइकाला दिवसातून दहा वेळा सांगतात.’ ती थांबली. ‘मी कल्हईवाल्याची पोरगी. तीन वर्षं तांब्याशिवाय काम करते म्हणून सांगत होते आणि रोज तांबंच ओतत होते.’

‘आठव्या दिवशी जास्त उतरत असणार,’ ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

‘मुरणं,’ कहकशा म्हणाली.

‘हो. मुरणं.’

तोताराम एकीकडून दुसरीकडे बघत होते. ‘काही चुकनं का, मॅडम?’

ज्योत्स्नाबाईंनी फडकं उचललं आणि हंड्यावर नीट घातलं. ‘तुमचं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘पाणी प्यायला उत्तम होतं. आम्ही ते प्यायलो नाही, ही आमची चूक.’

सोमवारी त्या प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्यांनी सगळं ऐकलं. ते इतिहासाचे होते, त्यामुळे त्यांना घाई नव्हती.

‘मॅडम, एक विचारू? हे आणखी कुणाला माहीत आहे?’

‘जळगावात एकाला. आणि बंगळुरूला आज कळेल.’

‘आज कशाला? मूल्यांकन समिती पुढच्या महिन्यात येतेय. फाटकावर फ्लेक्स आहे. समिती जाऊ द्या, मग हळूहळू कळवा. असं बघा, इतिहासात किती राजे चुकीच्या तारखेला जन्मले आहेत. जयंत्या होतातच ना?’

‘सर, बंगळुरूच्या बाईंनी चौदा वेळा केलंय. आज नाही लिहिलं तर पंधराव्यांदा करतील.’

प्राचार्यांनी पेपरवेट फिरवला. ‘बरं, मग एक करा. परिचराच्या निष्काळजीपणामुळे झालं असं लिहा. मी त्याला कारणे दाखवा देतो. कॉलेजचं नाव राहील, तुमचंही राहील.’

‘कारणं मी दाखवते,’ ज्योत्स्नाबाई म्हणाल्या आणि पर्समधून कॅनच्या तीन अर्जांच्या प्रती काढून टेबलावर ठेवल्या. तिन्हींवर प्राचार्यांचा शेरा होता : ‘पाहावे’.

प्राचार्यांनी पाहिले. कारणे दाखवा नोटीस निघाली नाही.

निबंध मागे घेण्याचा फॉर्म मासिकाच्या संकेतस्थळावर होता. त्यात ‘चूक कोणाची’ असा एक रकाना होता. ज्योत्स्नाबाईंनी आधी लिहिलं : साठवणीच्या भांड्यातून तांबं पाण्यात उतरलं. मग ते खोडलं. ते कारण होतं, उत्तर नव्हतं. त्यांनी पुन्हा लिहिलं : ‘पाण्याचं भांडं बदललं, तेव्हा रिकामा प्रयोग नव्यानं करायला हवा होता. तो मी केला नाही. चूक माझी, ज्योत्स्ना झिपरू तायडे.’ बटण दाबण्याआधी त्यांनी कहकशाला बोलावलं, कारण निबंधावर तिचं नाव पहिलं होतं.

‘हे दाबलं की तुझी चार प्रकरणं जातात,’ त्या म्हणाल्या. ‘प्रबंध महिनाअखेर जाणार नाही. वर्ष जाईल, दीड जाईल. तू म्हणत असशील तर मी एक आठवडा थांबते. तुला विचार करायला. त्याहून जास्त नाही.’

कहकशानं फॉर्म वाचला. एका ठिकाणी स्पेलिंग चुकलं होतं, ते दाखवलं.

‘सहात चार गेले, दोन राहिले,’ ती म्हणाली. ‘अब्बा विचारतील, सहा वर्षं काय केलंस.’

‘काय सांगशील?’

‘हंडा धुतला.’ तिनं माउस आपल्याकडे ओढला. ‘मी दाबू का? नाव माझं पहिलं आहे.’

तिनं दाबलं. काही झालं नाही. नेट गेलं होतं. दोघी वीस मिनिटं बसल्या. या वीस मिनिटांत ज्योत्स्नाबाईंना मन बदलायला भरपूर सवड होती आणि त्यांनी ती कपाटातल्या बाटल्यांवरची नावं वाचण्यात घालवली. नेट आल्यावर कहकशानं पुन्हा दाबलं.

बंगळुरूच्या बाईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. दोनच ओळी होत्या. पहिलीत आभार होते. दुसरीत लिहिलं होतं, की आमच्याही पाण्याची टाकी कशाची आहे ते आम्ही आज पहिल्यांदा पाहिलं.

फाटकावरचा फ्लेक्स कुणी काढला नाही. त्यावर एका नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चढला. खिळे तेच होते.

तोतारामांनी हंडा रिक्षानं घरी नेला. चूक त्यांची नाही हे ज्योत्स्नाबाईंनी त्यांना तीनदा सांगितलं होतं आणि तीनही वेळा ते ‘व्हई तसं’ म्हणाले होते. चौथ्यांदा त्यांनी सांगितलं नाही. त्याऐवजी पुढच्या पाण्याच्या दिवशी त्या पहाटे स्वतः कॉलेजात आल्या. तोताराम यंत्र लावत होते. ज्योत्स्नाबाईंनी घरून आणलेल्या काचेच्या दहा बाटल्या ओळीनं मांडल्या, पदर खोचला आणि विचारलं, ‘पहिलं पाणी फेकायचं असतं ना?’

‘पहिलं अर्धं बाटलं फेकानं,’ तोताराम म्हणाले. थोड्या वेळानं ते म्हणाले, ‘तुम्ले कशी मालूम?’

‘मालूम नव्हतं. विचारलं.’

मग तोतारामांनी त्यांना सगळं दाखवलं. कुठल्या नळीत वाफ अडते, आच किती ठेवायची, विजेचा दाब कमी झाला की यंत्र कसं कुरकुरतं. दिवसभर दोघं थेंब बघत बसले. ज्योत्स्नाबाईंनी प्रत्येक बाटलीवर तारीख घातली.

दुसऱ्या दिवशी कहकशानं दोन फ्लास्क लावले. एकात लोखंड, एक रिकामा. असे दोन फ्लास्क शेजारीशेजारी, तांबं नसलेल्या पाण्यात, कुणीच लावले नव्हते. बंगळुरूनं नाही, जळगावनं नाही. सगळे शहाण्णव शोधत होते आणि अकराला अपयश म्हणून पुसून टाकत होते.

सायंकाळी पाचला आकडे आले. लोखंडाचे अकरा. रिकाम्याचे चार.

कहकशानं वजाबाकी दोनदा केली. तोताराम बाटल्या पुसत होते.

‘सात,’ कहकशा म्हणाली.

‘सात म्हंजे कमी शे का?’ तोतारामांनी विचारलं.

‘कमीच आहेत,’ ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. ‘कुणी फ्लेक्स लावणार नाही.’

‘पन शेतस ना?’

ज्योत्स्नाबाईंनी वही ओढली. बावीस वर्षांत त्यांनी हजारो आकडे लिहिले होते. या आकड्यासाठी पेन टेकवलं आणि उचललं.

‘अजून दोनदा लाव,’ त्या कहकशाला म्हणाल्या. ‘दोन्ही वेळा सात आले तर आहेत.’